लाखभरात फुल सस्पेन्शन सायकल घ्यायचीये? आधी शॉक कोण उघडणार ते विचारा

सव्वा वर्षापूर्वी सेकंडहँड फुल सस्पेन्शन सायकल (पुढे आणि मागे दोन्हीकडे दणके झेलणारी) घेतली तेव्हापासून दर महिन्याला कोणी ना कोणी फोन करून विचारतं की आपणपण घ्यावी का, कुठली घ्यावी, लाखात बसेल का, म्हणून म्हटलं एकदाच नीट लिहून काढावं. सायकल आहे जायंटची स्टान्स २९, मागे १२० मिमी ट्रॅव्हल (म्हणजे दणक्याला चाक वर जाऊ शकतं तेवढं अंतर) आणि पुढे १३०, ॲल्युमिनियमची फ्रेम. मला ती ९२ हजारांना मिळाली आणि चालवण्यालायक होईपर्यंत आणखी साडेचौदा हजार गेले. ते साडेचौदा हजार कुठे गेले ते खाली लिहिलंय, ते वाचल्याशिवाय प्लीज कोणाला ॲडव्हान्स देऊ नका.

आधी माझ्याबद्दल, म्हणजे माझं म्हणणं तुम्हाला कितपत लागू पडतंय ते कळेल. पुण्यात राहतो, वय ४१, उंची ५ फूट ७, वजन ७८ किलो आणि पाण्याची बॅग पाठीवर घेतली की ८२. सहा वर्षं हार्डटेल, म्हणजे फक्त पुढे सस्पेन्शन असलेली सायकल, चालवली. आठवड्यात दोन दिवस सकाळी वेताळ टेकडी, रविवारी जमलं तर कानिफनाथ किंवा पानशेतच्या बाजूच्या कच्च्या वाटा, आणि वर्षातून चार-पाच वेळा लोणावळा ते राजमाची. उड्या मारत नाही, रेस करत नाही. ज्यांना बाईक पार्कसारखं काही करायचंय त्यांच्यासाठी हे नाही.

आता राजमाचीबद्दल जरा जास्त बोलतो कारण माझा निर्णय तिथेच झाला. लोणावळ्याच्या तुंगार्लीवरून राजमाचीच्या पायथ्याच्या उधेवाडीपर्यंत साधारण १५-१६ किलोमीटरची वाट, नावाला जीपचा रस्ता पण बराचसा सुट्या दगडांचा, मूठभर ते नारळाएवढे धोंडे, मध्ये ओढे, आणि पावसाळ्यानंतर त्यातली सगळी माती वाहून जाऊन नुसते काळ्या पाषाणाचे दात वर आलेले असतात. हार्डटेलवर ही वाट होते, कोणी म्हणत असेल होत नाही तर ते खोटं आहे, मी सात-आठ वेळा केलीये. पण येताना शेवटच्या पाच किलोमीटरला मी बसू शकायचो नाही, उभं राहून राहून मांड्या भरून यायच्या आणि दुसऱ्या दिवशी कंबर धरायची. ३५व्या वर्षी हे चालून गेलं, चाळिशीत डॉक्टरांनी मणक्याचा एक्सरे बघून "सायकल बंद करू नका पण दणके कमी करा" असं सांगितलं. एवढ्यासाठी फुल सस्पेन्शन, थोडक्यात फुल सस. तुमच्या वाटा जर मुरमाच्या, शेतातल्या, कॅनॉलच्या कडेच्या असतील तर खरंच हार्डटेल घ्या आणि उरलेल्या पैशात चांगली टायर टाका, मी मनापासून सांगतोय.

सगळ्यात आधी त्या २०-२५ हजारांच्या "ड्युअल सस्पेन्शन" सायकलींचं बोलू, कारण दहातले सहा फोन त्याच्यावरच असतात. माझ्या भाच्याला बहिणीने हट्टापायी एक घेऊन दिली, ब्रँडचं नाव मी इथे घेत नाही. लोखंडी फ्रेम, मागे जाड स्प्रिंग आणि तिच्यावर मोठ्या अक्षरात ७५० लिहिलेलं, वजन काट्यावर टाकलं तर १८ किलोच्या वर. ही स्प्रिंग दाबली जाते, पण परत येताना तिला आवरणारं आत काहीच नसतं, म्हणजे डॅम्पिंग नाही, त्यामुळे दगडावरून गेलं की सायकल घोड्यासारखी मागून उसळते आणि चढावर प्रत्येक पायडलला तुमची निम्मी ताकद ती स्प्रिंगच खाते. सहा महिन्यांत मागचा सांधा हलायला लागला, बुश गेलं, आणि तो बुश कुठल्याच दुकानात मिळेना. पोरगं आता परत त्याची जुनी साधी सायकल चालवतंय. ज्या सायकलीच्या शॉकला हवा भरायचा व्हॉल्व्ह किंवा निदान रिबाउंडची (दबून परत येण्याचा वेग ठरवणारी) चकती नाही, ती सस्पेन्शन सायकल म्हणून घेऊ नका, साधी घ्या, तेवढ्या पैशात साधी खूप चांगली मिळते.

मग खरी फुल सस एवढी महाग का? एक तर आपल्याकडे ह्या जवळपास सगळ्या बाहेरून येतात. २०२३ च्या बजेटमध्ये सायकलींवरची कस्टम ड्युटी ३० वरून ३५ टक्के केली, आणि त्याच्यावर जीएसटी. तो २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ चा ५ टक्के झाला, तेवढा दिलासा, त्यामुळे जुन्या बिलावर किंमत सांगणाऱ्या दुकानदाराला हे जरूर विचारा. आणि दुसरं म्हणजे फुल समध्ये फ्रेमच दोन तुकड्यांची, त्यात बेअरिंग, लिंक, बोल्ट, वरती एक वेगळा शॉक, हे सगळं त्याच पैशात बसवायचं म्हटल्यावर कंपनीला कुठेतरी हात आखडावा लागतो आणि तो आखडतो फोर्कमध्ये (पुढचं सस्पेन्शन), ब्रेकमध्ये, चाकांमध्ये. म्हणून एकाच किमतीची हार्डटेल आणि फुल सस शेजारी ठेवली तर हार्डटेलचा फोर्क आणि गिअर बहुतेक वेळा वरच्या दर्जाचे दिसतील. हे कळल्यावर मी नवी घ्यायचा विचार सोडला, कारण नवीत मला जे पटत होतं ते बजेटच्या बरंच बाहेर होतं आणि जे बजेटमध्ये होतं त्याचा फोर्क मला पटत नव्हता.

दुकानं मात्र भरपूर फिरलो, पुण्यातली सहा आणि कामानिमित्त मुंबईला गेलो तेव्हा दोन. सगळीकडे एकच प्रश्न विचारायचो, "दादा, ह्याचा मागचा शॉक सर्व्हिसला आला तर कोण उघडणार?" आणि ह्या एका प्रश्नाला काय उत्तर येतं त्यावर माझ्या यादीतली निम्मी नावं कटली. दोन ठिकाणी सांगितलं की शॉकला सर्व्हिस लागतच नाही साहेब, सील्ड असतं. एके ठिकाणी म्हणाले कंपनीला पाठवू, किती दिवस लागतील ते माहीत नाही, महिना-दोन महिने धरून चाला. फक्त एका दुकानातल्या मुलाने न विचारता टेबलावर शॉक ठेवून दाखवला की हा एअर कॅन (हवेचं बाहेरचं नळकांडं) हाताने फिरून निघतो, ही सीलं, हे किट मी ठेवतो, पण आतला डॅम्पर (उसळी आवरणारा तेलाचा भाग) मी उघडत नाही कारण माझ्याकडे नायट्रोजन भरायचं मशीन नाही, तो मुंबईला पाठवावा लागेल. एवढं स्पष्ट उत्तर दिलं म्हणून मी त्याच्याकडेच आजही जातो, सायकल त्याच्याकडून घेतली नाही तरी.

सर्व्हिस लागतच नाही असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी: शॉक बनवणारे रॉकशॉक्सवाले स्वतःच सांगतात की मागच्या शॉकचा एअर कॅन दर ५० तासांनी उघडून साफ करा, सील आणि तेल बदला, आणि २०० तासांनी डॅम्परसकट पूर्ण. पुढच्या फोर्कचंही साधारण तसंच, ५० तासांनी खालचे पाय उतरवून तेल बदलायचं. फॉक्सवाले १२५ तास किंवा वर्षातून एकदा म्हणतात. ५० तास म्हणजे आठवड्याला तीन तास चालवणाऱ्याला चार महिने. आपल्या धुळीत ते जरा लवकरच करावं असं माझं मत. ह्या खर्चाची तयारी नसेल तर फुल सस दोन वर्षांत हार्डटेलपेक्षा वाईट चालायला लागते, कारण अडकलेला शॉक म्हणजे नुसतं जादाचं ओझं.

आता स्टान्सच का. मला पोलिगॉनची सिस्किउ पण आवडली होती, ट्रेकची फ्युएल ईएक्स तर एका मित्राची चालवून बघितली आणि दोन दिवस डोक्यातून जात नव्हती, पण तिची किंमत माझ्यासाठी नाही. फुल समध्ये फ्रेमचा मागचा त्रिकोण (ज्यात मागचं चाक बसतं) कसा हलतो ह्याचे दोन-तीन प्रकार आहेत. एकात मागच्या एक्सलच्या जरा पुढे चेनस्टेवर (मागच्या चाकाकडे जाणारा खालचा दांडा) एक जादा सांधा असतो, त्याला हॉर्स्ट लिंक म्हणतात (हॉर्स्ट लाइटनर नावाच्या माणसाच्या नावावरून), ब्रेक मारल्यावरही सस्पेन्शन छान मोकळं राहतं, पण दोन्ही बाजूंना मिळून बेअरिंग वाढतात. स्टान्समध्ये जायंटने फ्लेक्सपॉइंट नावाचा प्रकार वापरलाय, त्यात मागच्या चाकाजवळ सांधाच नाही, तिथे फ्रेमचा दांडा स्वतःच किंचित लवतो. जायंटचाच जो वरचा प्रकार आहे, मायस्ट्रो, तो उतारावर जास्त चांगला आहे ह्यात वाद नाही. पण मी हिशोब केला तो पावसाळ्याचा. आपल्याकडे चार महिने लाल-काळा चिखल, ओढे, त्यानंतर तोच चिखल वाळून पीठ होऊन सांध्यात जाऊन बसतो. जेवढे सांधे कमी तेवढी बेअरिंग कमी, तेवढा खर्च कमी. मर्यादित पैशात मला साधेपणा जास्त मोलाचा वाटला. ज्याला उतार जास्त आवडतो आणि पावसाळ्यात सायकल भिंतीला टेकवून ठेवतो त्याचा हिशोब वेगळा निघेल, तो निघावाच.

सायकल नाशिकला होती. मालक भला माणूस, पण दीड वर्ष चालवलेलीच नव्हती, बाल्कनीत प्लास्टिकच्या कव्हरखाली होती आणि न चालवलेली आहे म्हणून तो जास्त किंमत मागत होता. सेकंडहँड घेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा, न चालवलेली म्हणजे चांगली असं फुल समध्ये नसतं, सीलं कोरडी पडतात, बेअरिंगमध्ये आतल्या आत गंज चढतो. त्याने मूळचा शॉक काढून रॉकशॉक्सचा डिलक्स बसवला होता आणि गिअरही बदलून शिमानो डिओर बारा स्पीड केले होते, पुढे एकच ३० दातांची चकती आणि मागे १० ते ५१. मला ह्या दोन्ही गोष्टी फार महत्त्वाच्या वाटल्या कारण डिलक्सची सील किट मिळतात आणि डिओरचे पार्ट अडले तर चार दिवसांत हातात येतात.

बघायला गेलो तेव्हा दीड तास लावला, मालकाच्या आईने दोनदा चहा दिला. काय काय बघितलं ते सांगतो. पहिल्यांदा सायकल पुसायला लावली आणि मोबाइलच्या टॉर्चने वेल्डिंगच्या सगळ्या जागा बघितल्या, विशेषतः बॉटम ब्रॅकेटच्या (पायडलचा आस बसतो ती जागा) वर जिथे मुख्य सांधा आहे तिथे आणि हेड ट्यूबच्या (हँडलखालची उभी नळी) खाली. केसाएवढी रेघ दिसली आणि नखाने चाचपल्यावर नख अडकलं तर तिथूनच परत फिरायचं, ॲल्युमिनियमची चीर वाढतच जाते. मग मागून सीट धरून सायकल हळूच वर उचलायची, चाक जमिनीवरून सुटायच्या आधी हाताला बारीकशी "टक" लागली तर कुठेतरी ढिलेपणा आहे, मग दुसऱ्याला उचलायला सांगून आपण प्रत्येक सांध्यावर बोट ठेवायचं, कुठे हलतंय ते बोटाला बरोबर कळतं. इथे शॉकच्या वरच्या बुशमध्ये किंचित हललं. मग शॉकमधली सगळी हवा काढली (मालकाला विचारून, आणि किती हवा होती ते लिहून घेऊन) आणि मागचा त्रिकोण हाताने वरखाली केला. हे कोणीच करत नाही आणि हेच सगळ्यात जास्त सांगून जातं. तो लोण्यासारखा हलायला पाहिजे. नाशिकच्या सायकलीचा अर्ध्यात अडकत होता, करकर वाजत होता, म्हणजे बेअरिंग गेलेली. शॉकचा चकचकीत दांडा बघितला, ओरखडा नव्हता, ओरखडा असता तर घेतली नसती कारण सील कितीही बदला, हवा आणि तेल तिथून गळतच राहतं. शेवटी बिल मागितलं आणि फ्रेमचा नंबर बॉटम ब्रॅकेटखाली उलटं करून जुळवला. बिल नसेल तर चोरीची असू शकते, कितीही स्वस्त असो, सोडून द्या.

मालक १ लाख ५ हजार म्हणत होता. मी त्याला अडकणारा त्रिकोण त्याच्याच हाताने हलवायला दिला, मग ९२ वर आला, मी एक रुपया जास्त घासाघीस केली नाही.

आता साडेचौदा हजारांचा हिशोब, माझ्या वहीतून जसाच्या तसा. शॉकची पूर्ण सर्व्हिस ३,२००. फोर्कचं तेल आणि सीलं १,८००. सांध्यांची बेअरिंग ९०० आणि ती काढून बसवायची मजुरी ७००. मागचं नवीन टायर ३,४००. ट्यूबलेसची टेप, व्हॉल्व्ह, सीलंट १,९००. शॉक पंप १,६००. जादाचा हँगर (त्याबद्दल खाली) १,०००. ह्यातलं टायर सोडलं तर एकही गोष्ट चैनीची नाही.

बेअरिंगबद्दल एक. सायकलच्या दुकानात ओरिजिनल किट मागवलं तर किंमत ऐकून धक्का बसतो, पण जुन्या बेअरिंगच्या सीलवर नंबर लिहिलेला असतो, ६९०२, ६९०० असा काहीतरी, पुढे टूआरएस म्हणजे दोन्ही बाजूंनी रबरी सील. तो नंबर घेऊन बेअरिंगच्या होलसेल दुकानात गेलं की चांगल्या कंपनीची मिळतात, मी नाना पेठेतून आणली. फक्त शक्य झालं तर आत पिंजरा नसलेली, गच्च गोळ्या भरलेली बेअरिंग मागा, मॅक्स म्हणतात त्याला. सस्पेन्शनचं बेअरिंग चाकासारखं गरागरा फिरत नाही, जागच्या जागी थोडंसंच हलतं आणि सगळा भार दोन-चार गोळ्यांवर येतो, म्हणून जितक्या गोळ्या जास्त तितकं ते टिकतं. आणि बसवताना हातोडीने ठोकू देऊ नका कोणाला, लांब बोल्ट, दोन वॉशर आणि सॉकेट लावून दाबत बसवायचं, नाहीतर फ्रेमचं भोकच ढिलं होतं.

पहिल्या आठवड्यात एक प्रकार झाला तो सांगतो. हवा कमी वाटली म्हणून घराजवळच्या एका वर्कशॉपमध्ये गेलो (माझा पंप आला नव्हता), तिथल्या माणसाने प्रेमाने शॉकमध्ये दाबून हवा भरून दिली, दगडासारखा कडक केला आणि म्हणाला आता दमदार झाला. त्या रविवारी मला वाटलं मी ९२ हजार पाण्यात घातले, हार्डटेलपेक्षा जास्त दणके बसत होते. चूक सायकलची नव्हती, हवेची होती. म्हणून सॅग, म्हणजे आपण बसल्यावर शॉक किती दबतो, ते प्रत्येकाने स्वतः शिकून घ्या, पाच मिनिटांचं काम आहे. शॉकच्या दांड्यावर एक रबरी रिंग असते. नेहमीचे कपडे, बॅग, पाणी सगळं घेऊन भिंतीला धरून सायकलवर बसायचं, रिंग सीलला टेकवायची, आणि न हिसकता खाली उतरायचं. दांडा एकूण जेवढा आत जातो त्याच्या २५ ते ३० टक्के रिंग सरकली पाहिजे, म्हणजे समजा ५० मिमी स्ट्रोक असेल तर साडेबारा ते पंधरा. कमी सरकली तर हवा काढा, जास्त सरकली तर भरा. सुरुवातीला आपलं वजन पाउंडात जेवढं तेवढे पीएसआय भरायचे, माझे १८० होतात, आणि तिथून खालीवर करत मी १९० वर स्थिरावलो. मग रिबाउंडची लाल चकती, ती फुटपाथच्या कडेवरून बसल्या बसल्या उतरून बघायची, सायकल दाबली जाऊन एकदाच वर आली पाहिजे, दोनदा उसळली तर आणखी हळू करायची. हे जमल्यावर तीच सायकल आहे ह्यावर विश्वास बसला नाही.

चालवायला कशी आहे? चढावर जड आहे, लपवत नाही. पायडलसकट माझ्या काट्यावर १४.८ किलो भरली, जुनी हार्डटेल १३ च्या आत होती. वेताळ टेकडीचा एआरएआयकडचा डांबरी चढ चढताना लीव्हरने शॉक कडक करतो, नाहीतर थोडं डुचमळतं. पण जिथे चढ दगडांचा आहे तिथे उलटा अनुभव आला, मला हे आधी कोणी सांगितलं असतं तर विश्वास बसला नसता. हार्डटेलचं मागचं चाक दगडावर आपटून उडायचं आणि उडालं की पकड सुटून पाय खाली. इथे चाक दगडाला चिकटून राहतं, वळसा घेत वर चढतं, आपण बसून नुसतं पायडल मारत राहायचं. वेताळ टेकडीवर खाणीच्या वरच्या बाजूला एक वीस-पंचवीस मीटरचा घसाऱ्याचा चढ आहे, सहा वर्षांत मी तो न उतरता कधीच चढलो नव्हतो, ह्या सायकलवर तिसऱ्या दिवशी चढलो आणि वर जाऊन सायकलच्या हँडलवर हात ठेवून नुसता उभा राहिलो, मोर ओरडत होते आणि मला काय आनंद झाला होता ते लिहून सांगता येणार नाही.

उतारावर १२० मिमी खूप आहे आपल्या वाटांना. १५०-१६० वाल्या सायकली बघून लाळ गळते पण त्या वजनाने आणि किमतीने दोन्हीकडून जड, आणि इथे तेवढी वाट आहे कुठे. राजमाचीहून परत येताना आता मी बसून येतो, कमरेला दुसऱ्या दिवशी काही होत नाही, हातांच्या मुंग्या गेल्या. वेगही वाढतो आणि तो जाणवत नाही, त्यामुळे ब्रेक चांगले पाहिजेत, हायड्रॉलिकच, तारेचे डिस्क ब्रेक ह्या वजनाला आणि वेगाला पुरत नाहीत. आणि टेकडीवर सकाळी चालायला आजी-आजोबा येतात, वाट त्यांची आधी. सायकल मऊ झाली म्हणून त्यांच्या अंगावरून सूं करून जाऊ नका, थांबा, घंटी एकदाच वाजवा, त्यांना जाऊ द्या. एकाने केलेल्या आगाऊपणामुळे सगळ्यांना टेकडी बंद होईल.

ट्यूबलेस कराच. बाभळीचे काटे आपल्याकडे टायरला सोडत नाहीत, हार्डटेलला ट्यूब होती तेव्हा एका रविवारी तीन पंक्चर काढलीत मी कानिफनाथच्या खाली. आता काटा उपसून काढतो, सीलंट फसफसतं आणि बंद होतं. उन्हाळ्यात ते वाळतं, दोन-अडीच महिन्यांनी थोडं भरावं लागतं. टायरमध्ये हवा मी पुढे २२ मागे २५ पीएसआय ठेवतो.

पावसाळ्याचं मात्र मनावर घ्या. गेल्या पावसाळ्यात प्रत्येक राइडनंतर बादली, मऊ ब्रश आणि साधं पाणी, एवढंच. वॉशिंग सेंटरच्या प्रेशरच्या पाण्याने कधीही धुवू नका, ते पाणी सील ओलांडून बेअरिंगमध्ये जातं आणि ग्रीस बाहेर काढतं. शॉकचा आणि फोर्कचा दांडा सुती फडक्याने पुसायचा, त्यावर चेनचं तेल चुकूनही लावायचं नाही (लावायला निघालेले मेकॅनिक खूप आहेत, "साहेब तेल मारू का" विचारलं की नाही म्हणा). ऑक्टोबरात मुख्य सांध्याचे बोल्ट काढून ग्रीस केलं आणि टॉर्क पान्याने कंपनीने लिहिलेल्या आकड्याला आवळले, बोल्टवर किंवा फ्रेमवर न्यूटन मीटरमध्ये लिहिलेलं असतं. चारही महिने चालवूनही बेअरिंग अजून गुळगुळीत आहेत.

हँगर, म्हणजे मागचा डिरेलर (गिअर बदलणारा भाग) ज्या छोट्या पट्टीवर लटकतो ती. पडल्यावर तीच वाकते, फ्रेम वाचावी म्हणून मुद्दाम नरम केलेली असते आणि प्रत्येक फ्रेमची वेगळी. सायकल घ्याल त्याच दिवशी एक जादा घेऊन सीटखालच्या पिशवीत टाका. सायकलचे पार्ट बनवणाऱ्या स्रॅम कंपनीने २०१९ पासून सगळ्यांना चालेल असा एकच हँगर आणलाय, यूडीएच, नवीन घेताय आणि त्या फ्रेमला तो बसत असेल तर ते एक कारण तिच्या बाजूने धरा. माझ्याला तो नाही, म्हणून हजार रुपये.

साइजबद्दल फोनवर फार गोंधळ होतो. ५ फूट ७ ला दुकानात मला एस पण दिली आणि एम पण. सीटची उंची कमी-जास्त करता येते, लांबी नाही, म्हणून उभं राहून पायडलवर हँडल धरून बघा, गुडघा हँडलला लागत असेल तर छोटी, आणि खांदे ओढले जाऊन कोपर सरळ होत असेल तर मोठी. मी एम घेतली, स्टेम (हँडल धरणारा तुकडा) छोटा आहे म्हणून बसली. ड्रॉपर पोस्ट (बटणाने वरखाली होणारी सीटची नळी) नसेल तर पुढच्या वर्षी पैसे साठवून टाका, उतारावर सीट खाली गेली की अर्धी भीती जाते, फक्त घेताना सीट ट्यूबचा आतला व्यास कॅलिपरने मोजा, अंदाजाने मागवून परत करत बसलेले दोघं माझ्या ओळखीत आहेत.

घरी ही रक्कम सांगितली तेव्हा बाबा म्हणाले एवढ्यात नवी मोटरसायकल दारात उभी राहिली असती, आणि ते बरोबरच आहे. मी त्यांना मणक्याचा एक्सरे दाखवला. मग त्यांनीच विचारलं की ह्याला पेट्रोल नाही तर वर्षाला खर्च किती, आणि मी प्रामाणिकपणे सांगितलं की सात-आठ हजार, शॉक, फोर्क, सीलंट, चेन, ब्रेक पॅड सगळं धरून. गेल्या वर्षी ७,६०० झाले. हा आकडा जमत नसेल तर आत्ता घेऊ नका, सायकल कुठे पळून जात नाही.

सध्या शॉक दोनशे तासांच्या सर्व्हिससाठी मुंबईला गेलाय, सोमवारी कुरिअर केला, तिथल्या मेकॅनिकने आज दुपारी मेसेज केला की डॅम्पर उघडला, तेल काळं झालंय पण दांडा स्वच्छ आहे, शुक्रवारपर्यंत परत येईल. आला की आधी १९० भरून सॅग बघणार, आणि रविवारी पहाटे पाचला तुंगार्लीला.